पहिला इंच

कात्र्या सहा निघाल्या. बेतायची मोठी एक, तिच्याहून लहान दोन, काजं करायची एक, नखांची एक आणि कापडाची कड नागमोडी कापणारी दातेरी एक. उसवायचं पातं एक. दाढीच्या ब्लेडच्या पुड्या दोन, त्यातली एक न फोडलेली. सुया आणि टाचण्या एका लाल उशीत टोचून ठेवलेल्या होत्या. बाबांना सांभाळायला ठेवलेल्या मावशींनी त्या चिमटीनं एकेक उपसल्या आणि बाबांच्या लेकीनं मोजल्या. त्रेपन्न भरल्या. एका सुईचे दोन तुकडे झाले होते, तेव्हा त्रेपन्न म्हणायचं की चोपन्न, यावर दोघींचा थोडा वाद झाला.

"मोडकी सुई ती काय सुई?" मावशी म्हणाल्या.

"टोचते ना?"

"टोचायला काय, माझी नणंदही टोचते. तिला कोणी सुई म्हणतं का?"

हे सगळं बाबांच्या खोलीतून हलवायचं कारण पलंगावरच पडलं होतं. आदल्या सकाळी बाबांनी अंगाखालच्या चादरीत कोटाची पाठ कापली होती. कापली होती सुरेख. गळा, खांदा, मुंढा, कंबर, कुठं म्हणून कात्री अडखळली नव्हती. फक्त चादरीवर ते स्वतः बसलेले होते आणि कात्री त्यांच्या मांडीपासून बोटभर अंतरावरून गेली होती. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, धारेचं आणि टोकाचं काही खोलीत ठेवू नका.

मग खोलीत राहिलं ते असं. पलंग, लाकडी खुर्ची, खिडकीपाशी पट्टा काढलेलं पायमशीन, खडूच्या वड्यांची डबी, कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेलं करड्या-निळ्या लोकरी कापडाचं एक पान, म्हणजे कोटापुरता सलग तुकडा, आणि बाबा. बाबांच्या गळ्यात टेप.

"टेपही काढायचा?" मावशींनी विचारलं.

"टेपनं काही कापत नाही, मावशी."

"गळ्यात आहे म्हणून विचारलं हो." मग बाबांकडे बघून त्यांनीच निकाल दिला, "राहू दे. काढायला गेलं तर चावतील."

बाबा पलंगाच्या काठावर बसून दोघींचं ऐकत होते. ते सौम्यपणे म्हणाले, "दुकान आवरताय वाटतं? सावकाश आवरा. आज गिऱ्हाईक कमी आहे."

*

बाबा शिंपी होते. याच इमारतीत खाली त्यांचं दुकान होतं, तिथं आता चष्मेवाला बसतो. बाबांच्या हातचा कोट खांद्यावर बसला की माणूस आपोआप सरळ उभा राहायचा, इतका तो बेतशुद्ध असायचा. पण चेहरे मात्र त्यांच्या कधीच ध्यानात राहिले नाहीत, अगदी धडधाकट होते तेव्हासुद्धा. गिऱ्हाईक दारात आलं की बाबांची नजर थेट त्याच्या खांद्यावर जायची. "या, या, साडेसतरा!" म्हणून ते स्वागत करायचे. एखादा माणूस सुटायला लागला की ते त्याच्या बायकोच्याही आधी बाबांना कळायचं. नावं लिहायची पद्धत दुकानात नव्हती. ज्याची त्याची एक खूण असायची आणि ती कापडाच्या कोपऱ्यात खडूनं काढली जायची. घोड्यासारखं खिंकाळत हसणाऱ्या मास्तरांना नाल, काटकुळ्या वकिलांना आगपेटीची काडी. आणि आपल्या धाकट्या मुलीला एक छोटा गोल, त्यात चार ठिपके. बटण. तीच तिची खूण आणि तेच तिचं घरातलं नाव. "बटण, दोरा दे. बटण, दिवा लाव गं."

म्हणून आजार आला तेव्हा त्याला या माणसाच्या डोक्यात चेहरे फारसे सापडलेच नाहीत. होते ते त्यानं पुसून टाकले. मग वार गेले, खोल्या कुठल्या दारातून कुठं जातात ते गेलं, आई गेली हेही गेलं. मापं तेवढी राहिली.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते दादा आला तेव्हा. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात असतो. तो समोर बसला, तर बाबांनी परक्यासारखे हात जोडले. "आपण कोण?" दादाचा चेहरा उतरला. बाबांनी सवयीनं टेप काढला आणि पाठीमागून त्याच्या खांद्यावर लावला. "एकोणीस. एक वजा, अठरा. डावा पाव इंच खाली." आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "अरे! तू कधी आलास? जेवलास का काही?"

दादा ढसाढसा रडला. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे खाली ठेवून तीही पाठ करून उभी राहिली. टेप तिच्या खांद्यावर आडवा आला. बाबांचा अंगठा उजव्या टोकाशी थांबला.

"साडेपंधरा. एक वजा, साडेचौदा."

ती वाट बघत राहिली.

"नवीन गिऱ्हाईक," बाबा म्हणाले. "बसा बाई. कोट ना?"

त्याचं कारण तिला त्याच दिवशी उमगलं आणि कारण इतकं सरळ होतं की रागही धरता येईना. दादाचा लग्नाचा कोट बाबांनी शिवला होता. तिचं मात्र शेवटचं माप त्यांनी घेतलं होतं ते ती शाळेत असताना, याच करड्या-निळ्या कापडाच्या कोटासाठी. तेव्हा तिचा खांदा होता साडेअकरा. कापड आलं, माप झालं आणि मग लोकांचे कोट आले. उद्या बेततो, परवा बेततो. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं शिंप्याची पोर दादाचा जुना कोट बाह्या दुमडून घालत राहिली. पुढं शिकायला बाहेर गेली, तयार कपडे विकत घ्यायला लागली आणि टेप पुन्हा तिच्या अंगाला लागलाच नाही. बाबांच्या डोक्यातली बटण साडेअकराच राहिली. रोज दिवस कलला की ते तिची वाट बघत. "बटण आली नाही अजून शाळेतनं," असं ते तिलाच सांगत, काळजीनं.

ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांच्या विहिरींचं, टाक्यांचं, नळांचं पाणी बाटल्यांतून येई आणि ते किती जड आहे ते ती मोजे. त्याची रीत अशी, की पाण्यात रंग घालायचा, पाणी लाल होतं. मग वरून एक द्रावण थेंबाथेंबानं सोडत राहायचं. कितीतरी वेळ काही म्हणजे काही घडत नाही. मग एक थेंब पडतो आणि सगळं पाणी निळं होतं. हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती, तरी त्या थेंबाला ती अजून श्वास रोखून धरायची.

तिनं डॉक्टरांना विचारलं, "रोज माप घेऊ दिलं तर? साडेचौदा, साडेचौदा, असं रोज. कधीतरी ते माप आणि मी एकच, हे बसेल ना डोक्यात?"

डॉक्टर भला माणूस होता. तो घरी आला की बाबा आधी त्याचं माप घेत आणि मगच नाडी बघू देत. तो म्हणाला, "जुनं ते काही काळ टिकेल. नवीन काही टिकायचं नाही आता. पाण्यावरची रेघ समजा."

"पाण्याचंच काम आहे माझं," ती म्हणाली.

"मग बघा करून. तोटा नाही. त्यांचा हात चालता राहील."

एकदा, मरण्याआधी एकदा, बाबांनी तिला बटण म्हणावं. त्या साडेअकराच्या पोरीला नव्हे, हिला. एवढंच तिला हवं होतं.

*

मग रोज तेच. कामावरून आली की ती हातपाय धुवायची, बाबांच्या खोलीच्या दाराशी जायची आणि चौकटीवर टिचकी मारायची.

"या, या. उघडंच आहे."

त्या वेळी पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची एक लांबट पट्टी जमिनीवर आलेली असे आणि खोली गिऱ्हाइकांनी भरलेली असे. ती गिऱ्हाइकं बाबांना दिसत, तिला दिसत नसत, एवढाच फरक. नालवाले मास्तर खुर्चीत. काडीवाले वकील मशीनला टेकून. पलंगाच्या पायथ्याशी दोन भाऊ, एकाच कापडाचे दोन कोट हवे म्हणून आलेले. "सरका जरा मास्तर, बाईंना बसू द्या," बाबा रिकाम्या खुर्चीला म्हणत आणि मग तिला, "बसा. गरम असेल खुर्ची. मास्तर सकाळपासून उठलेले नाहीत."

पहिल्या पहिल्यांदा ती हसायची. नंतर नंतर मशीनपाशी जाताना ती वकिलांना वळसा घालून जाऊ लागली. एकदा बाबा झोपले असताना ती खोली झाडायला गेली आणि खुर्ची हलवण्याआधी तिच्या तोंडून हलकेच निघून गेलं, "मास्तर, जरा उठता?" मग तिनं दाराकडे पाहिलं, मावशींनी ऐकलं तर नाही ना.

मावशींनी ऐकलं होतं. "चला," त्या म्हणाल्या, "आता पगार दोघांना सांभाळायचा मागते."

बाबा सगळ्याचंच माप घेत. उशीचं, पडद्याचं, मावशींच्या दंडाचं. "माझं नका घेऊ बाबा," मावशी म्हणायच्या, "टेप संपेल." त्यावर बाबा गंभीरपणे म्हणायचे, "टेप कधी संपत नाही बाई. गिऱ्हाईक संपतं." ते उन्हाच्या पट्टीचंही माप घेत. गुडघ्यांवर बसता येत होतं तोवर खाली बसून तिच्यावर टेप अंथरत. "परवापेक्षा आखूड झालंय," एकदा ते म्हणाले. "कापड आकसतंय." तिनं गंमत म्हणून पट्टीच्या टोकाशी खडूची रेघ मारून ठेवली. आठवड्यानं त्याच वेळी बघितलं तर ऊन रेघेच्या पुरतं दोन बोटं अलीकडे थांबलेलं होतं. उन्हाळा जवळ येत होता, सूर्य वर चालला होता. बरोबर होतं त्यांचं. आकसत होतं.

मग ती पाठ करून उभी राही. टेपचा स्पर्श मानेखाली थंडगार लागे. "साडेपंधरा. एक वजा, साडेचौदा." अंगठा क्षणभर थांबे. त्या क्षणात खोलीतली सगळी गिऱ्हाइकं गप्प होत, असं तिला वाटे. मास्तर, वकील, ते दोघे भाऊ, सगळे कान देऊन. थेंब टोकाशी लोंबत असे.

"नवीन गिऱ्हाईक," बाबा म्हणत. "कापड आणलंय का?"

"तुमच्याकडचंच चालेल."

"माझ्याकडे एकच पान आहे. करडं-निळं." ते आवाज खाली आणत. "पण ते आमच्या बटणचं आहे. देता येणार नाही. रागावू नका हं."

"नाही रागवत."

आणि खरंच तिला राग येत नसे. कोणी आपल्याला आपल्यासाठीच नकार देतंय, यावर रागवायचं तरी कसं.

*

काजवाले काका दर रविवारी येत. दुकानाच्या कोपऱ्यात बसून त्यांनी आयुष्यभर काजं केली होती. "लोक विचारतात, काय केलंत जन्मभर? सांगतो, भोकं पाडली. पण शिस्तीत पाडली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाबा काकांचं माप घेत आणि ओळखत. दोघे मग शेजारी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहत.

एका रविवारी चहा देताना तिनं विचारलं, "काका, बाबा नेहमी एकपासून का मोजतात? शून्यापासून धरलं तर वजाबाकी तरी वाचेल."

काकांनी कप खाली ठेवला. "चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!"

"म्हणजे?"

"टेपचं टोक बघितलंयस कधी?"

तिनं बाबांच्या गळ्यातल्या टेपचं टोक हातात घेतलं. टोकाची पितळी पट्टी नव्हती. पहिला इंचही नव्हता. टेप एकच्या आकड्यापाशी सुरू होत होता, कड कुरतडलेली, वर्षानुवर्षांच्या बोटांनी गुळगुळीत झालेली.

"तू खाल्लास तो," काका म्हणाले. "दात येत होते तुला. मशीनखाली बसून मुकाट चघळत होतीस. आम्हाला वाटलं, काय गुणी पोर आहे! तुझ्या आईनं तुझ्या तोंडात बोट घालून पितळ तेवढं बाहेर काढलं. कापड गेलं पोटात."

"आणि बाबांनी नवीन टेप नाही घेतला?"

"घेतले की. एकालाही हात लावला नाही. म्हणाला, पोरीच्या पोटात एक इंच गेलाय, आता शिंपीण होणार ही. झालीस कुठं? बसलीस पाणी मोजत." काका खो खो हसले. "तेव्हापासून ह्या घरातून गेलेल्या प्रत्येक कोटातला पहिला इंच तुझ्या पोटात आहे. मास्तर काय, वकील काय, सगळ्यांचं तू देणं लागतेस."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, "बटण आली का?"

"ही काय," काका मोठ्यानं म्हणाले. "समोर उभी आहे की!"

बाबांनी वळून तिच्या खांद्यांकडे पाहिलं, मग अदबीनं हसले. "ह्या बाई नवीन आहेत," ते काकांना म्हणाले. "मोठं माप आहे."

त्या दिवशी जाताना काका दारात बराच वेळ चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

*

उन्हाची पट्टी आखूड होत गेली तसे बाबाही. आधी पाय गेले. गुडघ्यांवर बसणं गेलं, मग उभं राहणं. आता ती पलंगाच्या काठावर पाठ करून बसायची आणि बाबा बसल्या बसल्या टेप लावायचे. मग बोलणं विरळ झालं, सुटी सुटी वाक्यं राहिली, जशी शिवण उसवल्यावर दोऱ्याची टोकं राहतात. मावशी चमच्यानं भरवायच्या, घास गालात तसाच राहायचा. "गिळा, बाबा. कोणी मोजत नाहीये," मावशी म्हणायच्या आणि त्यांच्या गळ्यावरून दोन बोटं हलकेच खाली ओढायच्या. मग घास उतरायचा.

एका संध्याकाळी टेप खांद्यावर आला आणि बाबा म्हणाले, "साडेपंधरा."

ती थांबली. एक वजा आलं नाही.

अंगठा टेपवर तसाच होता. ती ओठांपर्यंत आलेले शब्द दाबून बसून राहिली. आपण सांगितलं तर ते आपलं, त्यांचं नव्हे; प्रयोगात हात घालायचा नसतो, इतकं तिला कळत होतं. ऊन जमिनीवरून निघून गेलं. "साडेपंधरा," बाबा पुन्हा म्हणाले, पण आता त्यांचा आवाज वाट चुकल्यासारखा होता. तिनं हात मागं नेऊन त्यांचा अंगठा धरला. नखांत निळसर खडू भरलेला होता. वड्यांची डबी उशाशी असे, तीत ते बोटं फिरवत बसत असतील, असं तिला वाटलं. तिनं ओल्या फडक्यानं नखं पुसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निळी होती.

त्यानंतर आकडा आलाच नाही. टेप खांद्यावर पडे, सरके, चादरीवर येई. बाबा तो उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सोडत राहत, सावकाश, जसं कोणी विहिरीत दोर सोडतं.

"ट्रायलला कधी येऊ?" ती विचारायची.

"कापड भिजवायचंय अजून." हे वाक्य मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिलं. लोकरीचं कापड बेतण्याआधी भिजवायचं असतं. जेवढं आकसायचं तेवढं ते आधी आकसू द्यायचं, मग माप लावायचं. नाहीतर कोट अंगावर आल्यावर आकसतो. "आधी आकसू दे," बाबा म्हणायचे. "घाई नको."

डॉक्टरानं याही खेपेला बाबांना आपलं माप घेऊ दिलं आणि मग तिला बाहेर बोलावून सांगितलं की आता रजा टाका. तिनं रजा टाकली. दादाला कळवलं. तो निघाला.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी बाबांनी डोळे उघडले. ते स्वच्छ होते, धुतल्या काचेसारखे. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि खुर्चीपाशी थांबले.

"मास्तर गेले?"

"हो," ती म्हणाली. खुर्ची रिकामी होती.

"वकील?"

"आत्ताच उठले."

"कोट घेऊन गेले ना सगळे?"

"सगळे घेऊन गेले, बाबा."

त्यांनी समाधानानं मान हलवली. डोळे मिटले. तिला वाटलं झोप लागली. मग ते म्हणाले, "कापड भिजलं?"

"भिजलं."

"वाळलं?"

"वाळतंय."

"मग बटणला बोलाव."

ती पलंगापाशी खाली बसली, पाठ त्यांच्याकडे करून, मान खाली घालून. मागून त्यांचा हात आला. टेप नव्हता त्यात. नुसता तळवा तिच्या डाव्या खांद्यावर टेकला, मानेखालून सरकत उजव्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला. हात फार हलका झाला होता, वाळलेल्या कापडासारखा. ती श्वास रोखून वाट बघत राहिली. बाबांनी काही म्हटलं नाही. तिनं वळून बघितलं तेव्हा ते झोपले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर श्वासांमधली अंतरं लांबत गेली. दादा पोचला होता, तो पायाशी बसला होता. मावशी खिडकीपाशी उभ्या होत्या. उन्हाची पट्टी आत आली, जेमतेम वीतभर, आणि त्या उजेडात खोली तिला कधी नव्हे इतकी मोकळी दिसली. कोणाला वळसा घालायला नको होता. एक श्वास आला. पुढच्याची तिघांनी वाट पाहिली. ती बराच वेळ पाहिली. मग मावशींनी पुढं होऊन बाबांच्या बोटांतून टेप हळूच सोडवला, त्याची गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली.

*

जे करायचं ते सगळं झालं. माणसं आली, गेली. काजवाले काका आले आणि खिडकीबाहेर बघून गेले. दादा परतला. दारात त्यानं तिला जवळ घेतलं. "मला ओळखायचे आणि तुला नाही, याची मला लाज वाटायची," तो म्हणाला.

"तुझा कोट झाला होता," ती म्हणाली. "माझा व्हायचा होता."

मावशी त्यांचं सामान न्यायला आल्या त्या दिवशी दोघींनी मिळून खोली आवरली. पलंगावरची गादी उभी केली. मावशी कपाट उघडून जरा घुटमळल्या.

"एक सांगू? रागवायचं नाही."

"सांगा."

"तुम्ही कामावर गेलात की दुपारी बाबा ते निळं कापड मागायचे. रोज. नाही म्हटलं तर जेवायचे नाहीत. मग मी मांडीवर फळी ठेवून द्यायचे पसरून. कात्री नव्हतीच, खडूनं काय होतंय, म्हटलं. पुसायचे आणि काढायचे, पुसायचे आणि काढायचे. नंतर नंतर बोलायचे नाहीत, पण काढायचे. शेवटचं काढलं त्या दिवशी पुसू दिलं नाही. म्हणाले, घडी मोडू नका, ठेवा. मी ठेवलं. पलंगावरची चादर निळी व्हायची ती त्यानंच. मशीनला दोष दिला मी धुवायच्या."

त्यांनी कापड दोन्ही हातांवर आडवं धरून आणलं, झोपलेलं मूल आणावं तसं, आणि पलंगाच्या फळीवर ठेवलं. मधोमध एक घडी होती. वरच्या अंगावर निळ्या खडूनं अर्धी पाठ काढलेली होती. पाठ नेहमी घडीवरच बेततात; अर्धी काढली की उलगडल्यावर पुरी मिळते. रेघा दोन होत्या, आतली मापाची, बाहेरची शिवण धरून कापायची. काही ठिकाणी हात थरथरला होता, पण रेघ सुटलेली नव्हती. खालच्या कोपऱ्यात एक छोटा गोल होता, त्यात चार ठिपके.

"हे काय?" मावशींनी वाकून विचारलं. "बिस्कीट?"

"बटण," ती म्हणाली.

म्हणजे त्या पोरीचा कोट. साडेअकराचा निम्मा पावणेसहा. आतल्या रेघेवर खांदा पावणेसहा भरणार, हे तिनं मोजायच्या आधीच मनाशी धरून ठेवलं. मग टेपची गुंडाळी सोडली. कुरतडलेलं टोक घडीच्या काठाला लावलं, टेप खांद्याच्या टोकापर्यंत सरळ नेला आणि त्यावर अंगठा दाबून धरला.

टेपवर सव्वाआठ होते. तिनं टोक पुन्हा लावलं, पुन्हा नेलं. सव्वाआठ.

एक वजा, सव्वासात.

कापड दुहेरी होतं. तिनं ते उलगडलं.

साडेचौदा.